आधी काम, मग अवजार, शेवटी ट्रॅक्टर

आमच्या दिंडोरी भागात कुणाच्या दारात नवा छोटा ट्रॅक्टर आला की हार चढतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "किती एचपीचा घेतला?" "तुमची ओळ किती फुटांची आहे?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. बागेत छोटा ट्रॅक्टर किती उपयोगी पडेल, हे मात्र या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

माझी द्राक्षबाग नऊ बाय पाच फुटांची. बारा वर्षांपूर्वी १८ एचपीचा ट्रॅक्टर घेतला आणि पाळ्या कमी लागतील म्हणून मागे चार फुटी रोटाव्हेटर जोडला. पहिल्याच ओळीत इंजिन दबू लागले, काळा धूर निघाला. तरी रेटून दोन ओळी केल्या. खाली उतरून पाहिले तर रोटाव्हेटरच्या पात्यांना पांढऱ्या मुळ्यांचे झुपके गुंडाळलेले होते. अवजार बोदाला घासून गेले होते आणि वेलींची नवी पांढरी मुळी तोडत गेले होते. पुढच्या हंगामात ते रोटाव्हेटर विकून तीन फुटी घेतले. ट्रॅक्टर तोच राहिला, काम मात्र सुधारले. तेव्हापासून ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगतो: आधी काम, मग अवजार, शेवटी ट्रॅक्टर.

मोजपट्टी घेऊन बागेत जा

शोरूमला जाण्याआधी एक सकाळ बागेत घालवा. सोबत मोजपट्टी आणि वही असू द्या. या पाच गोष्टी लिहून काढा:

- दोन ओळींमधली मोकळी जागा. नऊ फुटांची ओळ म्हणजे नऊ फुटांची वाट नव्हे. दोन्हीकडचे बोद, ठिबकच्या नळ्या आणि लोंबणाऱ्या काड्या वजा करून काय उरते ते मोजा. डाळिंबाची बाग चौदा बाय दहा फुटांवर असली तरी झाडे पसरल्यावर हाती येणारी वाट बरीच कमी असते.
- उंची. मंडप पद्धतीत तारेखालून, वाय पद्धतीत आडव्या पट्टीच्या बाजूने चालकाचे डोके आणि ट्रॅक्टरचा सायलेन्सर सुखरूप जायला हवा.
- वळणाची जागा. ट्रॅक्टर, अवजार आणि मागे ओढायचा फवारणीचा ब्लोअर एकत्र धरला तर ओळीच्या टोकाला किमान पंधरा फूट मोकळे लागतात. ही जागा नसेल तर प्रत्येक वळणावर शेवटचा डांब आणि ताणाची तार धोक्यात येते.
- जमीन आणि उतार. भारी काळी, मुरमाड की चोपण? पावसाळ्यात ट्रॅक्टर बागेत न्यावाच लागतो का?
- वर्षाची कामे. कोणत्या महिन्यात कोणते काम, किती एकर, किती वेळा.

या यादीत बहुतेक बागायतदारांना एक गोष्ट चटकन दिसते. द्राक्षात मशागतीच्या पाळ्या मोजक्याच असतात. फवारणीच्या फेऱ्या मात्र फळछाटणीनंतर सतत चालू राहतात. म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरचे सर्वाधिक तास ब्लोअरबरोबर जाणार. निवडही त्याच हिशेबाने व्हायला हवी.

ताकद कुठे मोजायची

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर आणि ब्लोअर चालतात ते पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर. तिथपर्यंत पोहोचताना गिअरमध्ये काही ताकद खर्च होते. साधारण ८० ते ८८ टक्के हाती लागते. म्हणून विक्रेत्याला पीटीओ एचपी किती, हे स्पष्ट विचारा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांचे प्रशिक्षण देणारी आणि चाचणी घेणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, हायड्रॉलिकची उचल क्षमता, सगळे छापलेले असते. तो अहवाल मागायला संकोच करू नका.

रोटाव्हेटरसाठी ढोबळ हिशेब असा: कामाच्या प्रत्येक फूट रुंदीला इंजिनाचे सहा ते सात एचपी धरा. तीन फुटीला १८ ते २१, चार फुटीला २४ ते २८. भारी काळ्या जमिनीत वरचा आकडा धरा.

उचल क्षमताही तपासा. या गटातले बरेच ट्रॅक्टर साधारण सहाशे ते साडेसातशे किलो उचलतात. पण उचलणे वेगळे आणि तोल राखणे वेगळे. अवजार वर घेतल्यावर स्टिअरिंग एकदम हलके लागले, तर पुढच्या चाकांवरचे वजन उतरले आहे असे समजा. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहिलाच पाहिजे. नाहीतर पुढे वजने लावावी लागतात.

टू व्हील की फोर व्हील? जमीन सपाट आणि निचऱ्याची असेल तर टू व्हीलवर भागते आणि पैसे वाचतात. पावसानंतर डाऊनी रोगासाठी फवारणी तातडीने करावी लागते आणि जमीन काळी असते, अशा बागेत फोर व्हील ड्राइव्ह आपली किंमत वसूल करून देतो. रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढताना होणारा उशीर आणि बागेचे नुकसान ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

कोणती अवजारे घ्यावीत, कोणती भाड्याने आणावीत

पाच-सहा एकरांच्या बागायतदाराने सुरुवातीला तीनच अवजारे घ्यावीत: वाटेच्या मापाचे रोटाव्हेटर, ब्लोअर आणि छोटी ट्रॉली. शेणखत, क्रेट, छाटणीच्या काड्या, ठिबकचे पाइप यांच्या वाहतुकीने वर्षभर ट्रॉलीला काम पुरते. चौथे घ्यायचे झाल्यास पाच फणी कल्टिव्हेटर घ्या. तो स्वस्त असतो, त्याची दुरुस्ती सोपी असते आणि रोटाव्हेटरने चोपलेला मातीचा थर फोडायला तोच उपयोगी पडतो.

खड्डे घ्यायचे यंत्र, पलटी नांगर, सरी पाडायचा रिजर ही वर्षातून चार-दोन दिवसांची कामे आहेत. ही अवजारे भाड्याने आणा किंवा चौघांत मिळून एक घ्या. छाटणीच्या काड्यांचा भुगा करणारे श्रेडरही भागीदारीत परवडते. त्या काड्या बांधावर जाळण्यापेक्षा ओळीत पसरल्या तर त्यांचे आच्छादन होते, पुढे खत होते. मात्र रोगट काड्या बागेबाहेरच काढा.

वापसा बघूनच रोटाव्हेटर घाला

छोट्या ट्रॅक्टरने जमिनीचे सर्वाधिक नुकसान होते ते ओल्या रानात रोटाव्हेटर घातल्याने. वरून माती भुसभुशीत दिसते, पण पाती ज्या खोलीवर फिरतात तिथे खालची माती चोपली जाते. दरवर्षी त्याच खोलीवर तेच घडले की चार-पाच इंचांवर कडक थर बसतो. मग ठिबकचे पाणी खाली मुरायच्या ऐवजी बाजूला पसरते आणि मुळ्या वरच राहतात.

वापसा ओळखायची जुनी पद्धत आजही चोख आहे. चार इंच खोलीवरची माती मुठीत घेऊन गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडल्यावर तो फुटून विखुरला तर रान तयार आहे. चपटा होऊन पडला तर दोन दिवस थांबा. गोळा वळलाच नाही तर माती फार कोरडी आहे. अशा वेळी पाती झिजतात आणि मातीचा पीठ-भुगा होतो.

काम करताना हळू गिअर लावा, ताशी दोन ते तीन किलोमीटर. वेग गिअरने ठरवायचा. इंजिनाचे फेरे, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर येईल तिथेच ठेवायचे. मीटरवर त्यासाठी खूण असते. तीन फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरने चालवले तर कागदावर तासाला सत्तावीस गुंठे होतात. वळणे आणि थांबे धरून प्रत्यक्षात एकोणीस-वीस गुंठे पदरात पडतात. कुणी तासाला एकराची बढाई मारत असेल तर एकतर वेग जास्त असतो किंवा खोली कमी.

दोन-तीन हंगामांतून एकदा रोटाव्हेटर बाजूला ठेवून, जमीन कोरडी असताना ओळीच्या मधोमध फणाची पाळी खोलवर द्या. चोपलेला थर त्याने फुटतो.

जोडणीचा क्रम आणि शाफ्टची लांबी

अवजार सपाट जागेवर ठेवा. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, हँडब्रेक लावा, मगच उतरा. ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये माणूस उभा असताना चालकाने क्लचला पायही लावायचा नाही. आधी डावी खालची लिंक जोडा, मग उजवी, कारण उजवीची उंची फिरवून जुळवता येते. त्यानंतर टॉप लिंक आणि सगळ्यात शेवटी पीटीओ शाफ्ट. सोडताना हाच क्रम उलटा. प्रत्येक पिनेत लॉकची क्लिप बसली आहे ना, हे हाताने चाचपून पाहा. तारेचा तुकडा किंवा खिळा अडकवून काम भागवू नका.

जोडल्यावर मागे जाऊन उभे राहा आणि पाहा. रोटाव्हेटर डावीकडून उजवीकडे समपातळीत हवा. टॉप लिंक आखूड केली की अवजार पुढे झुकते, लांब केली की मागे बसते. गिअरबॉक्सचा दांडा ट्रॅक्टरच्या पीटीओला समांतर आला म्हणजे लांबी बरोबर जुळली. बाजूच्या साखळ्या ताणल्या नाहीत तर अवजार झुलते आणि वेलीच्या खोडावर आदळते.

नवीन शाफ्ट घेतला की त्याची लांबी तपासा. अवजार वर-खाली करताना आतला आणि बाहेरचा पाइप कमाल ताणावरही एकमेकांत एक तृतीयांश तरी राहिले पाहिजेत आणि कमाल आखूड झाल्यावर टोकाला भिडता कामा नयेत. शाफ्ट लांब पडला आणि तसाच वापरला, तर अवजार उचलताना तो ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर घाव घालतो. अवजार पूर्ण उचलायच्या आधी पीटीओ बंद करा. वाकड्या कोनात फिरणारा क्रॉस फार दिवस टिकत नाही. सुरक्षेसाठी मऊ बोल्ट दिलेला असेल तर तो तुटल्यावर त्याच जातीचा बोल्ट घाला. कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटेल.

एका सेकंदात नऊ फेरे

पीटीओचे ५४० फेरे मिनिटाचे असतात, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा साधारण ३५ मिलिमीटर जाडीचा, त्याचा घेर अकरा सेंटिमीटर. उपरण्याचे टोक त्यात अडकले तर एका सेकंदात जवळजवळ मीटरभर कापड गुंडाळले जाते. गुंडाळीची जाडी वाढत जाते तसा ओढण्याचा वेगही वाढतो. तुम्हाला "अरे" म्हणायच्या आत हात तिथे पोहोचलेला असतो.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एका गड्याचा टॉवेल असाच गेला. टॉवेल जुना, विरलेला होता म्हणून फाटला आणि माणूस वाचला. मानेवर भाजल्यासारखा लाल वळ उठला होता, तो मी पाहिला आहे. त्या शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर पहिल्याच महिन्यात फुटले होते आणि नवे घालायचे राहून गेले होते. म्हणून कळकळीने सांगतो: कव्हर फुटले की त्याच दिवशी बदला, तोवर शाफ्ट जोडू नका. काम करताना टॉवेल, ओढणी, साडीचा सुटा पदर, सैल बाह्या यांतले काही अंगावर नको. पीटीओ चालू असताना त्याच्यावरून पाय टाकायचा नाही. रोटाव्हेटरमध्ये काडी किंवा तार अडकली तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात आणि मगच हात घालायचा. छोटी मुले आजूबाजूला असतील तर कामच थांबवा.

फवारणीचे गणित पाण्यावर शिका

औषधाच्या बाटलीवरची मात्रा कितीही बरोबर असली तरी एकरी पाणी किती पडते हे माहीत नसेल तर ती वाया जाते. हे गणित साध्या पाण्यावर एका सकाळी शिकता येते.

नऊ फुटांच्या ओळींत एका एकरात सुमारे १,४७५ मीटर लांबीच्या ओळी असतात. ताशी चार किलोमीटर वेगाने तेवढे अंतर तोडायला, वळणे सोडून, बावीस मिनिटे लागतात. एकरी ४०० लिटर पाणी टाकायचे असेल तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला अठरा लिटर बाहेर पडायला हवेत. दहा नोझल असतील तर प्रत्येकी १.८ लिटर.

आता तपासा. बागेत ५० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा आणि निवडलेल्या गिअरमध्ये, पीटीओ ५४० वर ठेवून, ते पार करा. ४५ सेकंद लागले तर वेग बरोबर चार किलोमीटर आहे. मग ट्रॅक्टर उभा करून पंखा बंद ठेवा, पंप चालू करा आणि प्रत्येक नोझलचे पाणी एक मिनिट मापाच्या भांड्यात धरा. ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक फरक देणारे नोझल बदलून टाका. ही तपासणी प्रत्येक छाटणीच्या आधी करा, कारण नोझल झिजते आणि डोळ्यांना ते कळत नाही.

पाने वाढतील तसे एकरी पाणी वाढते, म्हणून हे गणित हंगामात दोन-तीन वेळा पुन्हा मांडा. फवारताना हातमोजे, मास्क, गॉगल आणि अंगभर कपडे हवेतच. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस औषधाच्या ढगाच्या अगदी पुढे असतो. वारा मागून आला की तो ढग त्याच्याच अंगावर येतो.

उतार, चिखल आणि रस्ता

ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारला जोडा. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढले तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. चाक रुतले म्हणून त्याला ओंडका बांधून पुढे काढायचा प्रयत्नही असाच जिवावर बेततो. रिव्हर्समध्ये बाहेर या, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या.

उतरणीला भरलेली ट्रॉली असेल तर वरच हळू गिअर टाका आणि क्लच दाबू नका. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो; रस्त्यावर येताच दोन्ही पेडल खटक्याने जोडून घ्या. वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो. सुरक्षा कमान घडीची असेल तर मंडपाखाली घडी करा आणि बाहेर येताच उभी करा. कमान उभी असताना सीटबेल्ट बांधा. मडगार्डवर कुणाला बसवू नका, ट्रॉलीत माणसे नेऊ नका. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा, कारण संध्याकाळच्या धुळीत उभी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही.

रोजची दहा मिनिटे

सकाळी इंजिन थंड असताना ऑइल आणि रेडिएटरचे पाणी पाहा. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर वाटीतले ऑइल खुणेपर्यंत आहे का आणि तळाला गाळ बसला आहे का ते बघा. रोटाव्हेटरच्या धुळीत हे काम रोजचेच. रेडिएटरच्या जाळीत वाळलेली पाने अडकतात, ती हाताने काढा. ग्रीसचे निपल आणि शाफ्टचे क्रॉस दर आठ-दहा तासांनी ग्रीस मागतात. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट पहिल्या दोन तासांनंतर पुन्हा आवळा. डिझेल संध्याकाळी भरून ठेवा, म्हणजे रात्रीच्या गारव्याने रिकाम्या टाकीत पाणी धरत नाही. सर्व्हिसच्या तारखा दिनदर्शिकेवर न धरता तासांच्या मीटरवर धरा आणि एका वहीत नोंदवा.

पैशाचा हिशेब

समजा, ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून सहा लाख लागले आणि दहा वर्षांनी दोन लाखांना विकले. वर्षाला चाळीस हजारांची घट झाली. वर्षात चारशे तास काम केले तर तासाला शंभर रुपये, शंभरच तास केले तर चारशे रुपये. व्याज, डिझेल, चालक आणि दुरुस्ती वेगळी. हा आकडा गावातल्या भाड्याच्या दराशेजारी मांडा. आपले तास कमी पडत असतील तर शेजाऱ्याबरोबर भागीदारी करा किंवा मोकळ्या दिवसांत भाड्याने कामे घ्या.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान कमाल मर्यादेत मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान हुकते, एवढे लक्षात ठेवा. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे. त्यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारे ९० टक्के अनुदानावर मिळतात. गटातल्या बायाबापड्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

मागच्या महिन्यात गावातला एक तरुण ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून माझ्याकडे आला. हातात तीन कंपन्यांची माहितीपत्रके होती. मी त्याला मोजपट्टी दिली आणि आम्ही त्याच्या बागेत गेलो. ओळ दहा फुटांची होती, पण बोद सोडून वाट सहा फूट भरली आणि टोकाला वळायला आठच फूट जागा. संध्याकाळपर्यंत माहितीपत्रके बाजूला पडली. शेवटचे दोन डांब कसे मागे घ्यायचे, याचाच तो विचार करत होता.